वहिनीची झोप

आमच्या घरात सगळ्यात गाढ झोपतो तो माझा दादा. शेजारी त्याचा मुलगा रात्रभर ओरडत असतो आणि दादा फार तर कूस बदलतो. सकाळी उठून विचारतो, रात्री काही झालं का. मुलगा चौदा वर्षांचा झाला, तरी दादाचा प्रश्न बदललेला नाही आणि वहिनीचं 'काही नाही' हे उत्तरही. मी तिची नणंद. नणंदेनं वहिनीची बाजू घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, पण आज ती मोडते.

मुलाला आम्ही साहेब म्हणतो. साहेब चालत नाहीत, बोलत नाहीत, पण प्रत्येक गोष्टीवर त्यांचं ठाम मत असतं आणि ते ताबडतोब सगळ्या मजल्याला कळतं. पाणी त्यांना फार प्रिय. टाळ्या मात्र अजिबात खपत नाहीत. कुठे टाळ्या वाजल्या की कान झाकायला बघतात, हात तिथवर पोचत नाहीत, आणि मग असे किंचाळतात की वाजवणाऱ्यांना पळता भुई थोडी होते. रात्री त्यांचे पाय आखडतात. त्यांना कुशीवर वळवायचं, पोटऱ्या चोळायच्या, पाणी पाजायचं, आणि वहिनीचा डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा पहिल्यापासून.

दिवसा वहिनी घरीच काज-बटणांचं काम करते. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे येतात, ती काजं करून, बटणं लावून परत पाठवते. एकदा मशीनवरच तिला डुलकी लागली आणि सुई नखातून आरपार गेली. दादा हळहळला. जरा आराम करत जा, असं म्हणाला आणि जेवायला बसला.

अशात कुणीतरी अशा मुलांसाठीच्या एका संस्थेचं सांगितलं. दर शनिवारी दुपारी मुलं सांभाळतात, खेळवतात, तेवढाच आयांना विसावा. वहिनीनं नाव घातलं. बरेच महिने वाट पाहिल्यावर नंबर लागला, तेव्हा तिला झालेला आनंद मी पाहिला आहे. तिनं घरी कुणाला न सांगता पिशवीत एक छोटी उशी भरली.

खोटं कशाला बोलू, मुलांची खोली झकास होती. जमिनीवर जाड गाद्या, चाकाच्या खुर्चीसकट बसता येईल असा झोपाळा, कंबरेइतक्या उंचीचं पाण्याचं टेबल. तिथल्या ताईंनी साहेबांच्या बाह्या वर केल्या, हात पाण्यात सोडले, आणि साहेबांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वहिनीच्या जिवात जीव आला. ती बाहेरच्या बाकावर बसली, उशी काढली, डोकं टेकवणार, तेवढ्यात संचालिकाबाई आल्या.

त्यांनी गोड आवाजात सांगितलं की आयांसाठी शेजारच्या सभागृहात विश्रांती-कार्यक्रम असतो आणि तो सगळ्यांना सक्तीचा आहे. दांडी मारली तर जागा दुसऱ्या मुलाला जाते. वहिनीनं भीत भीत विचारलं की मी नुसती इथे झोपले तर चालेल का. बाई हसल्या.

"झोप घरी घ्यायची असते, ताई. इथे विश्रांती."

वहिनी उशी पिशवीत कोंबून आत गेली. मीही गेले, कारण बसमध्ये साहेबांची खुर्ची चढवायला दोघी लागतात, म्हणून मी दर शनिवारी बरोबर असतेच. पहिल्या शनिवारी आम्ही श्वास घेतला. त्याआधी आम्ही जणू श्वास न घेताच जगत होतो. दुसऱ्या शनिवारी फळांची चित्रं रंगवली. वहिनीचं डोकं केळ्यावर टेकलं, तर बाईंनी खांद्यावर थोपटून जागं केलं. एकदा पोट धरून हसायचा कार्यक्रम झाला. कशाला हसायचं ते कुणी सांगितलं नाही, पण हसण्याची हजेरी घेतली.

मग आले व्याख्याते. पांढरे स्वच्छ कपडे, टवटवीत चेहरा, बघूनच कळत होतं की माणूस रोज व्यवस्थित झोपतो. स्वतःसाठी वेळ काढा, हा त्यांचा विषय. कसा काढायचा, असं एका आईनं विचारलं. ते म्हणाले, सकाळी अर्धा तास लवकर उठा.

वहिनीनं शांतपणे वहीत लिहून घेतलं. माझ्या तोंडात आलेला शब्द मी गिळला, कारण साहेबांची जागा गेली असती.

असं करत वर्ष संपलं. वहिनी शनिवारी घरी परत यायची ती जाताना होती त्याहून दमलेली. तरी एकही शनिवार चुकला नाही. साहेबांचं पाण्याचं टेबल जायला नको, एवढ्या एका गोष्टीसाठी ती सगळं हसत सोसत होती. बाईंना वाटलं, कार्यक्रम तिला आवडतात. म्हणून वर्धापनदिनाला 'आदर्श माता' म्हणून तिचाच सत्कार करायचं ठरलं. या विसाव्यामुळे माझं आयुष्य कसं फुललं, असं छापील भाषणही तिच्या हातात आलं.

त्या दिवशी सभागृह गच्च भरलेलं. प्रमुख पाहुणे सिमेंटचे मोठे व्यापारी, संस्थेला देणगी देणारे. आदर्श मातेसाठी कुणा विश्वस्ताच्या घरून मखमली सोफा आणलेला. चालू न शकणाऱ्या मुलांच्या या संस्थेच्या व्यासपीठाला तीन पायऱ्या होत्या, त्यामुळे आई वर सोफ्यावर आणि साहेब खाली माझ्याजवळ, पहिल्या रांगेत. व्याख्याते उठले आणि विश्रांतीच्या कलेवर बोलू लागले.

सोफा फारच मऊ असावा. वहिनी आधी रेलली. मग तिची मान कलली. मग तोंड उघडलं. बाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं की उठवा. मी छतावरचा पंखा बघत बसले. बाईंनी खाकरून पाहिलं, माइक वाजवून पाहिला, व्याख्यात्यांनीही आवाज चढवला. वहिनी घोरू लागली. पाहुण्यांना वाटलं, आदर्श माता भावुक होऊन डोळे मिटून बसली आहे. संस्थेच्या फोटोवाल्यानं फोटो काढला.

अखेर निवेदिकेनं आदर्श मातेला पुढे बोलावलं. आदर्श माता हलली नाही. वेळ मारून न्यायला निवेदिका म्हणाली, जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या.

टाळ्या झाल्या. साहेब किंचाळले.

एवढं वाजलं-गाजलं तरी न उठलेली वहिनी ताडकन उठली. कुठे आहे हेही तिला कळलं नव्हतं, तरी तीन पायऱ्या उतरून तिचे हात साहेबांच्या कानांवर पोचले होते. टाळ्या कधीच थांबल्या होत्या. साहेब हळूहळू निवले. निवेदिकेनं गडबडीत माइक तिच्या तोंडापुढे धरला. भाषणाचा कागद सोफ्यावर राहिला होता. वहिनीनं सभागृहाकडे पाहिलं आणि म्हणाली,

"मला इतकी छान झोप लागली होती."

तिचे डोळे भरून आले. माझेही. पाहुण्यांचेसुद्धा, पण त्यांचा समज वेगळा झाला. ते उठून म्हणाले की आईला इतकी निर्धास्त झोप जिथे लागते, त्या संस्थेला मी देणगी दुप्पट करतो. बाईंचा पडलेला चेहरा असा फुलला की काय सांगावं.

आठवड्याभरात बाई घरी आल्या. वहिनीच्या झोपेचा तो फोटो त्यांना मोठ्या फलकावर छापायचा होता, वर 'इथे मातांना मिळते खरी विश्रांती' असं लिहून. पाहुण्यांनाही तो फार आवडला होता. फक्त वहिनीची परवानगी हवी होती. दादा आतून म्हणाला, द्या की, त्यात काय एवढं. वहिनी हातातला काजाचा दोरा दातानं तोडत होती.

"फोटो लावा मॅडम. पण शनिवारी सभागृहात नुसत्या गाद्या घालायच्या. आम्हाला कुणी शिकवायचं नाही आणि कुणी उठवायचं नाही."

बाई म्हणाल्या, शिस्तीचं काय, उपक्रमाचं काय. वहिनी म्हणाली, मग फोटो माझा आहे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पुन्हा पंख्याकडे.

त्या शनिवारी साहेब पाण्याच्या टेबलाशी होते आणि सभागृहात आया ओळीनं झोपल्या होत्या. भिंतीवर वहिनी तोंड उघडून झोपलेली, आणि तिच्या खाली खरी वहिनी, स्वतःच्या उशीवर. मी दाराशी राखण करत बसले होते. संचालिकाबाई पाहुण्यांना घेऊन आल्या, दाखवायला. ते दृश्य पाहून पाहुण्यांना गहिवरून आलं आणि त्यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले. मी ते दोन्ही हात हवेतच धरले. बाई काहीतरी बोलू पाहत होत्या, मी त्यांनाही मानेनं नाही म्हटलं.

आमची चाहूल लागून वहिनीनं डोळे किलकिले केले.

"साहेब ओरडले का?"

"नाही."

"काही झालं का?"

"काही नाही," मी म्हणाले.

वहिनीनं कूस बदलली, अगदी माझ्या दादासारखी, आणि पुन्हा झोपली.