बाळंतिणीचा पिझ्झा सॉस

आमच्या घरच्या पिझ्झ्याला ओव्याचा वास येतो. बारामतीत आता कुठंही पिझ्झा मिळतो, आणि कुणाचा वाढदिवस असला की लेकीला घेऊन जावंच लागतं. ती पहिला घास खाते, तोंड वाकडं करते आणि म्हणते, "ह्याला वासच नाही." दुकानातले लोक ओरेगॅनोच्या पुड्या आणून देतात. ती त्या हुंगते आणि बाजूला सारते. तिला काय सांगणार, की बाई गं, तो वास तू जिथं पहिल्यांदा घेतलास तिथं तुला अजून मानही धरता येत नव्हती.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, बारामतीला आले होते. नवरा लोणी देवकरच्या कारखान्यात. सुट्टीला यायचा, पाळण्याकडं बघून हसायचा, माझ्याकडं बघून काय बोलावं ते त्याला सुचायचं नाही, आणि चहा पिऊन जायचा. आईची थोरली बहीण, माझी मावशी, निमगाव केतकीहून खास माझं बाळंतपण करायला आली होती. मावशी आली म्हणजे घर तिच्या ताब्यात. तिनं मागच्या खोलीच्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले, पंखा बंद केला. माझ्या डोक्याला फडकं, कानात कापूस. खाटेखाली शेगडी, तिच्यात निखारे आणि निखाऱ्यांवर चिमूट चिमूट ओवा.

त्या ओव्याचा धूर मोठा आळशी. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत यायची आणि धूर तिच्यात नुसता रेंगाळत राहायचा. मी त्याच्याकडं बघत पडायचे. मालिश, शेक, झोप, परत शेक. डोळा लागायचा, उघडायचा, पट्टी भिंतीवरून कपाटावर गेलेली असायची. मध्ये काय झालं कुणास ठाऊक. कापसामुळं घरातले आवाज पाण्याखालून आल्यासारखे यायचे. कुणीतरी भांडं ठेवायचं, कुणीतरी खोकायचं, आणि मला वाटायचं, हे सगळं फार पूर्वी होऊन गेलंय, आत्ता फक्त ऐकू येतंय.

मधेच कुणीतरी एक गाठोडं आणून माझ्या कुशीत ठेवायचं. ती माझी मुलगी. पण मला ती माझी वाटत नव्हती. आज हे सरळ लिहिते, तेव्हा कुणापाशी बोलले नव्हते. वेळ झाली की पाजायचे, पाजून झालं की भिंतीकडं तोंड करायचे. राग नव्हता, रडूही येत नव्हतं. शेजारणीनं जरा वेळ सांभाळायला दिलेली पोर असावी आणि शेजारीण अजून का येत नाही, असं वाटायचं. अन्नावरची वासनाही उडाली होती. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूपभात, सगळं ताटात होतं तसं परत जायचं.

एका दुपारी मावशी आणि आई बाहेर लसूण सोलत बसल्या होत्या. मावशी हळू बोलली, पण मावशीचं हळू म्हणजे आपलं मोठ्यानं.

"ध्यानात आलं का तुझ्या? आपण नेऊन दिली तर घेती. पर अजून एकदा सुदिक पोरीला मागितली न्हाय तिनं."

आईनं हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली. मग म्हणाली, "मागंल."

"आन् न्हाय मागितली तर?"

त्यावर आई काय म्हणाली ते कापसातून ऐकू आलं नाही. कापूस काढून ऐकायचा मला धीर झाला नाही. कारण मावशीनं जे विचारलं तेच मी त्या धुराकडं बघत दिवसदिवसभर स्वतःला विचारत होते.

मग तो सोमवार आला. सकाळपासून आई दारात येऊन विचारत होती, काय खावंसं वाटतंय, काय करू. माझा स्वभाव मुळात तिरसट, बाळंतपणानं तो काही धुऊन निघाला नव्हता. शेवटी वैतागून मी म्हटलं, "पिझ्झा." खावासा वाटत होता म्हणून नाही. आता तरी गप्प बसतील म्हणून.

मावशी दारात उभी राहिली. "टमाट्याचा? आंबट? बाळंतिणीला? उद्या पोरीला खोकला झाला की कुणाच्या नावानं बोंबलायचं?"

बाबा म्हणाले, मी फोन करून मागवतो. दोघी बहिणींनी त्यांच्याकडं असं बघितलं की बाबा झाडांना पाणी घालायला निघून गेले. बाहेरचं खाणं त्या खोलीत यायची सोयच नव्हती. पण आई उठली आणि पदर खोचला. "घरात करते," म्हणाली. "काय काय असतंय त्यात तेवढं सांगा."

टोमॅटो घरात होतेच. मामाच्या रानातले, आणि ते क्रेटभर घेऊन आली होती खुद्द मावशी, त्यामुळं तिला फार बोलता येईना. बाबांनी मोबाइल ओट्यावर भिंतीला टेकवून लावून दिला. त्यातली बाई हिंदीत सांगत होती, टोमॅटोला फुली मारा, उकळत्या पाण्यात टाका, सालं काढा. आईचं सगळं नीट चाललं होतं. ओरेगॅनोपाशी गाडी अडली.

"हे कसलं पान?" आईनं विचारलं.

बाबा म्हणाले, "वास ओव्यासारखा येतो त्याला."

"मग ओवाच घालते की. घरात डबाभर हाय."

ह्यावर मावशीनं मोठा विचार केला आणि निकाल दिला. "लसूण दुधाला चांगला. ओवा वाताला चांगला. तेल हाय, गूळ घाल साखरंच्या जागी. टमाटा सोडला तर बाकी समदं बाळंतिणीचंच हाय." आणि ती लसूण ठेचायला बसली.

आता आईचा सोमवार. सोमवारी आई दिवसभर जिभेवर काही ठेवत नाही, संध्याकाळी दिवा लावून वरणभातावर सोडते. स्वयंपाक मात्र सगळ्यांचा करते, न चाखता, नुसत्या वासावर, आणि तिचं मीठ कधी चुकत नाही. पण हा पदार्थ तिनं जन्मात केला नव्हता, खाल्लाही नव्हता. वासावरून कसा कळणार? मावशीनं तर आधीच सांगून टाकलं होतं, मी त्या लाल चिखलाला तोंड लावणार न्हाय. तेव्हा आई चमचा घेऊन, खाली तळहात धरून, माझ्या खाटेपाशी आली.

"बघ गं कसा झालाय."

मी चाटून बघितला. "कच्चा लागतोय. लसूण नुसता उकडलाय."

आई गेली. ओव्याची फोडणी कडकडली, आणि स्वयंपाकघरातला वास खोलीत आला. खोलीतला तर आधीच होता. दोन्ही वास एकच. मला डोळे मिटल्यावर कळेना की मी शेगडीपाशी पडलेय की चुलीपाशी, माझ्या अंगाला शेक लागतोय की त्या टोमॅटोंना. आई परत आली तेव्हा ऊन कपाटावर गेलं होतं.

"पातळ आहे. ही टोमॅटोची आमटी झाली."

"बरं."

परत चमचा. "आता आंबट लागतोय."

"गूळ घालते."

परत चमचा. "गूळ जास्त झाला."

"आता काय करू?"

"तिखट घाल. थोडंच."

असं किती वेळ चाललं कोण जाणे. एकदा माझ्या ध्यानात आलं की मी कोपरावर उठून बसलेय आणि आईची वाट बघतेय. रटरट आवाज नीट ऐकू यावा म्हणून एका कानातला कापूस मी केव्हाच काढून टाकला होता. सव्वा महिना होईपर्यंत बाळंतिणीनं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, नाहीतर मी जाऊन स्वतः उलथनं हातात घेतलं असतं. मी खाटेवरूनच ओरडले, "आच कमी कर. झाकण ठेवू नको, पाणी सुटतंय त्यानं."

"आवाज फुटला बया हिला," मावशी म्हणाली.

उन्हं उतरली तेव्हा सॉस झाला. घट्ट, गडद, कडेला तेल सुटलेला. आईनं कणकेची जाड पोळी तव्यावर अर्धी भाजली, त्यावर सॉस पसरला, बाबांनी आणलेलं चीज किसून घातलं, वर ताट झाकलं. बशी माझ्या मांडीवर आली. मी तुकडा मोडला. चीजची तार निघाली, मी ती बोटाला गुंडाळली. भूक लागली होती, खरीखुरी, पोटातून. त्या भुकेचंच मला नवल वाटत होतं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत पोर रडायला लागली.

"र्‍हाऊ दे, खाऊ दे तिला," मावशी आईला म्हणाली. "मी बगती." आणि ती पोरीला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालायला लागली. रडणं दारापाशी यायचं, लांब जायचं, परत दारापाशी यायचं. एका कानात कापूस होता, दुसऱ्यात नव्हता. दुसऱ्या कानानं मला ऐकू आलं की पोर मलाच हाक मारतेय. गाऊन छातीवर ओला झाला. तुकडा हातातच होता. मी तो बशीत ठेवला आणि बशी बाजूला सारली.

"मावशी, तिला इकडं दे."

येरझाऱ्या थांबल्या. मावशी आत आली, पोर माझ्या हातात दिली, आणि नेहमीसारखं डोकं असं धर, हात तसा ठेव, काही म्हणाली नाही. माझ्या बोटांना सॉस लागला होता, तो मी तसाच गाऊनला पुसला. पोरीच्या जावळाला धुराचा वास येत होता, माझ्या हाताला सॉसचा, आणि दोन्हीला ओवा. ती पीत होती आणि एक डोळा उघडून माझ्याकडं बघत होती, ही कोण नवीन बाई अशा नजरेनं. मी तिला म्हटलं, "मीच आहे गं." मला तिच्या कपाळाकडं बघून इतकं भरून आलं की मी अंगठ्यानं ते नुसती कुरवाळत राहिले.

पिझ्झा गार होऊन गेला. तिन्हीसांज झाली, आईनं दिवा लावला आणि ती बशी उचलायला आत आली. वरणभात शिजवून तयार होता. पण ती बशी घेऊन दारातच उभी राहिली, आमच्याकडं बघत, आणि बघता बघता माझा मोडलेला तुकडा तिनं तोंडात टाकला. इतक्या वर्षांत वरणभाताशिवाय दुसऱ्या कशावर तिनं सोमवार सोडलेला मी बघितला नव्हता.

मावशी तिच्यापाशी जाऊन तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली, "मागितली गं तिनं."

"व्हय," आई म्हणाली. घास बराच वेळ तोंडात घोळवला, पदरानं डोळे पुसले, आणि मग म्हणाली, "पर मीठ कमी हाय ह्यात."