क्रूसाच्या वळणावरचा हॉर्न

भुताची गोष्ट सांगायची तर रात्र अमावास्येची हवी आणि जागा पिंपळाखालची, असा माझा जुना आग्रह. या गोष्टीत दोन्ही नाही. दुपारी चारचा सुमार, लख्ख ऊन, आणि भूत असलंच तर चार चाकांचं, चंदेरी रंगाचं, मागच्या काचेवर अर्धवट खरवडलेला स्टिकर असलेलं.

गाडी सेकंडहँड घेतली होती. वसईतल्या नंदाखाल गावच्या एका निवृत्त मास्तरांची. मास्तर वारले, मुलीने ती विकायला काढली आणि एजंटामार्फत ती आमच्या माणिकपूरच्या बिल्डिंगखाली येऊन उभी राहिली. मास्तरांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांची उंची मला पहिल्याच दिवशी कळली. ड्रायव्हरची सीट पार पुढे सरकवलेली होती आणि तिथेच अडकलेली. मी हा असा ताडमाड. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर यायचे आणि मी बालनाट्यातल्या बेडकासारखा दिसायचो. खटका ओढला, तेल सोडलं, शिव्या दिल्या. शेवटी नालासोपाऱ्याच्या माझ्या मेकॅनिकने पाना लावून हिसके दिले.

"नाय हलत शेठ," तो घाम पुसत म्हणाला. "ज्याची सीट आहे त्याला बरोबर फिट आहे. तुम्हीच थोडे छोटे व्हा."

समोरच्या सनवायझरमध्ये झावळीचा एक चिमुकला क्रूस खोचलेला होता. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आशीर्वाद दिलेली झावळी मिळते, तिचा विणलेला. सुकून पिवळा पडला होता. बायकोने त्याला हात लावला नाही, फक्त पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली.

"दोन्हीकडून बंदोबस्त असलेला बरा," ती म्हणाली.

तेव्हा मी हसलो होतो. माणिकपुरात गाडी ठेवणाऱ्या माणसाला भुतांचं भय कसलं? त्याला पार्किंगचं. दूध आणायला गाडी काढली की परत येईपर्यंत आपल्या जागेवर दुसऱ्याची गाडी, आणि तिच्यामागे रिक्षांची रांग.

आठवड्यातून तीन दुपारी मी आगाशीकडे जायचो. तिथलं हौशी मंडळ नाटक करतं आणि तालमी माझ्या गळ्यात असतात. मोठा रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवलेला, म्हणून मी नंदाखालच्या वाड्यांमधली गल्ली धरली. दोन्हीकडे केळी, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट, आणि वळणावर पांढरा चुना दिलेला क्रूस. त्याच्या पायाशी विझलेल्या मेणबत्त्या.

पहिल्यांदा त्या वळणावर आलो आणि हॉर्न वाजला. एक लांब, एक आखूड.

मी वाजवला नव्हता. वाटलं, गुडघा लागला असेल. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला बायकोला शेजारी बसवून नेलं, साक्षीदार म्हणून. वळण आलं. एक लांब, एक आखूड.

"अहो, हात कुठे होता तुमचा?"

"गिअरवर."

"आणि दुसरा?"

"हा काय, स्टिअरिंगवर. वरच्या बाजूला."

"गुडघा?"

मी गुडघ्याकडे बोट दाखवलं. तो स्टिअरिंगपासून चांगला दूर होता, कारण मुद्दाम मी पाय फाकवून बसलो होतो. तिने फक्त काच वर केली, तेवढ्या उकाड्यात.

मेकॅनिकने गाडी नालासोपाऱ्यातल्या एकूण एक गतिरोधकावरून उडवून आणली. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवून पाहिलं, उजवीकडे वळवून पाहिलं. तो सांगत होता, समोर म्हैस आडवी आली तेव्हा स्वतः बटण दाबल्याशिवाय हॉर्न वाजला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट, काच वर करण्याच्या नादात, बायकोच्या नजरेतून सुटली होती, आणि मीही ती तिला सांगितली नव्हती. हॉर्न वाजला की वळणापलीकडच्या घराचं फाटक उघडायचं. एक म्हातारी बाई, पांढऱ्या केसांची, दोन्ही दारं सावकाश ढकलून बाजूला उभी राहायची. गाडी पुढे निघून जायची तेव्हा आरशात दिसायचं, ती ड्रायव्हरच्या खिडकीकडे पाहत असायची. मग फाटक पुन्हा लागायचं. जशी काही तिने गाडी आत घेतली होती.

एके दिवशी क्रूसाच्या अलीकडेच एक पन्नाशीची बाई हात आडवा करून रस्त्यात उभी राहिली. मास्तरांची मुलगी. गाडी तिनेच विकली होती, म्हणून ती तिने ओळखली.

"दादा, राग मानू नका. इथे हॉर्न वाजवू नका ना."

"बाई, मी तो वाजवतच नाही."

तिने एकदा मागे घराकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा असाच वाजवायचे. एक लांब, एक आखूड. फाटक उघड म्हणून. त्यांचे गुडघे गेले होते, उतरायला नको म्हणून आई उघडायची. आता आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. वॉकरशिवाय चालायचं नाही, पायऱ्या उतरायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण तुमचा हॉर्न आला की ती वॉकर टाकते आणि उतरते. परवा पायरीवर तोल गेला. मी मागे होते म्हणून वाचली. परत पडली तर उठायची नाही, दादा."

"दुसऱ्या रस्त्याने गेलो असतो, पण..."

"खणलाय. माहीत आहे."

त्या दिवशी मी तिथूनच परत फिरलो. पुढच्या तालमीआधी मेकॅनिककडून हॉर्नच काढून घेतला आणि फडक्यात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला. वसईत बिनहॉर्नची गाडी चालवणं म्हणजे काय, ते चालवल्याशिवाय कळायचं नाही. प्रत्येक वळणावर मान खिडकीबाहेर काढून मी ओरडत होतो, "सरकाऽऽ!" शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज, त्याचं इतकं चीज रंगमंचावर कधी झालं नव्हतं. एका सायकलवाल्याने हात जोडले.

क्रूस आला. मी ओरडलो नाही, श्वाससुद्धा रोखला. हॉर्न वाजला नाही. वाजणार कुठून, तो मागे फडक्यात झोपला होता. मी आरशातून त्याच्याकडे पाहून डोळा मिचकावला.

आणि इंजिन बंद पडलं.

धक्का नाही, आचका नाही. कुणीतरी किल्ली फिरवावी तसं. गाडी तेवढ्याच वेगात, आवाज न करता पुढे घरंगळली आणि फाटकासमोर थांबली. मी किल्ली फिरवली. काही नाही. केळीच्या पानांत वारा नव्हता. घरातून आवाज आला, टक, टक, टक. वॉकरचा. ओटीवरून पायऱ्यांकडे.

मग टक टक थांबली.

वॉकर टाकला, हे मला कळलं. मी फाटकाला खांदा मारून आत धावलो. ती पहिल्या पायरीवर होती, एक पाय अधांतरी. दंडाला धरलं तर हाताला हाडच लागलं. तिचा सगळा भार माझ्यावर आला, आणि तो भार फार नव्हता. मागून मुलगी धावत आली.

"मावशी, हॉर्न वाजलाच नाही की," मी धापा टाकत म्हणालो.

"हॉर्न कशाला पाहिजे? आवाज ओळखते मी तिचा."

"मावशी, मास्तर आता..."

"गेले. मला माहीत आहे. मी काय वेडी आहे? पेटीवर पहिली माती मी टाकली." तिने फाटकाकडे मान वळवली. "तिला माहीत नाही."

मग ओटीवर बसून तिने सांगितलं. त्यांच्या घरात माणूस गेला की घरातलं कुणीतरी जाऊन सांगतं. विहिरीला, माडांना, गोठ्यात. सासू गेली तेव्हा म्हशीला सांगायचं काम तिच्याकडे होतं. मास्तर गेले तेव्हा तिने विहिरीला सांगितलं, माडांना सांगितलं. गाडी तेव्हा रंगाला गॅरेजात दिलेली. ती परत आलीच नाही, तिथूनच विकली गेली.

"आई, गाडीला कुठे सांगतात?" मुलगी म्हणाली.

"म्हशीला सांगितलं तेव्हा तुझे बाबाही असेच हसले होते." मग माझ्याकडे वळून, "आत घ्या तिला."

"सुरू होत नाही, मावशी."

"होईल."

पहिल्या किल्लीला झाली. मी ती उलटी आत घेतली. उलटी गाडी लावण्यात माझा लौकिक वाईट आहे, बिल्डिंगचा खांब साक्ष देईल. इथे मी स्टिअरिंग नुसतं धरून होतो. पत्र्याच्या शेडखाली कोब्यात टायरांनी दोन खळगे पाडलेले होते. मागची चाकं त्यांत अशी उतरली, जसं माणूस आपल्या पलंगावर बसतं. मी इंजिन बंद करून उतरलो.

ती वॉकर घेऊन, मुलीच्या आधाराने बॉनेटपाशी आली. तळवा ठेवला. माझ्याशी शुद्ध बोलत होती, गाडीशी घरच्या बोलीत बोलली. मला अर्धंच कळलं. कुठल्या दिवशी, चहा झाल्यावर, त्रास झाला नाही. कुत्र्याला कुणी नेलं. मग काहीतरी रागावल्यासारखं, बहुधा तो रंग आवडला नाही म्हणून. ती बोलायला लागली तेव्हा बॉनेटखाली पंखा घरघरू लागला, आणि ती थांबली तेव्हा थांबला. इंजिन तापलं की पंखा बंद गाडीतही फिरतो, असं मेकॅनिक म्हणतो. मीही तेच म्हणतो, विशेषतः बायकोसमोर.

"तो क्रूस द्या," ती म्हणाली. "देवळात परत द्यायचा असतो. राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात ती राख त्याचीच करतात."

मी सनवायझरमधून तो काढून तिच्या हातात दिला आणि निघायला म्हणून सीटवर बसलो. गुडघे नेहमीसारखे वर घेतले.

खट्.

सीट मागे सरकली. पार मागे, शेवटपर्यंत, इतक्या सहज की माझे पाय पेडलवरून सुटून हवेत राहिले. मी खटक्याला हात लावला नव्हता. माझे दोन्ही हात छातीवर होते, अगदी वाईट नटासारखे.

मुलगी एक पाऊल मागे सरली. म्हातारीने ओठ पुसले.

"उतरले," ती म्हणाली, आणि वॉकर वळवला.

हॉर्न मी परत बसवून घेतला. तो आता दाबल्याशिवाय वाजत नाही. मोठा रस्ता अजून खणलेलाच आहे, तेव्हा गल्ली तीच. म्हातारी ओटीवर खुर्चीत बसलेली असते, वॉकर समोर. गाडीचा आवाज आला की बसल्या जागेवरून हात वर करते. पायरीकडे येत नाही. पहिल्यांदा बायकोने उलट हात केला, तेव्हा मी तिला सांगितलं, आपल्यासाठी नाही तो.

परवा बायको म्हणाली, "एकदा वाजवा की. एक लांब, एक आखूड. बघू काय होतं."

माझं बोट बटणावर गेलंसुद्धा. एवढा आयता प्रवेश कोण सोडतो? पण फाटक बंद होतं, म्हातारी निवांत बसली होती, आणि शेडखाली ते दोन खळगे रिकामे होते. मी बोट काढून घेतलं आणि पाय लांब करून गाडी हळू पुढे नेली.