शेळीचा डोळा पकडणारा कॅमेरा

विकत न घेता कॅमेऱ्याची इतकी कसून परीक्षा घेणारा माणूस मुळशी तालुक्यात आमच्या साडूंखेरीज दुसरा नसेल. हिंजवडीतल्या नोकरीतून निवृत्त होऊन ते भुकूमला आमच्याच सोसायटीत राहायला आले, तेव्हापासून त्यांना एकच वस्तू हवी आहे: शर्टाच्या खिशात मावेल आणि तरी मोठ्या कॅमेऱ्याचं काम करील असा छोटा कॅमेरा. दोन दिवसांसाठी एकेक भाड्यानं आणायचा, वहीत गुण मांडायचे आणि परत करायचा, असं गेली चार वर्षं चाललंय. कोपरे धूसर पडतात का हे पाहायला ते स्वयंपाकघरातल्या फरशीचे फोटो काढतात. मेव्हणी म्हणते, "लग्नापासून माझे काढले नसतील इतके या फरशीचे काढलेत." खिशाची चाचणी तर ते कॅमेरा खिशात टाकून, वाकून, बुटाची नाडी बांधून घेतात. एकदा तो माझ्या पोह्यांच्या बशीत पडला. साडूंनी भिंग पुसलं, 'खिसा: नापास' असं लिहिलं आणि मला विचारलं, "पोहे गरम होते का हो?" मला वाटलं, माझी विचारपूस चाललीय. त्यांना भिंगावर वाफ धरते का ते नोंदवायचं होतं.

शेवटची परीक्षा घराबाहेर. नवे कॅमेरे माणसाचा, कुत्र्यामांजराचा डोळा आपण होऊन शोधतात आणि त्यावर हिरवा चौकोन आणून ठेवतात. साडूंचं म्हणणं, "कुत्रं कोणीही ओळखेल. शेळीचा डोळा पकडला तर खरा." शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी, त्यामुळे भलेभले कॅमेरे तिथे गोंधळतात. आमच्या सोसायटीमागच्या माळावर ठकूबाई शेळ्या चारायच्या. त्यातली एक काळीभोर शेळी साडूंनी निवडली, कारण तिचं डोकं क्षणभर स्थिर नसे. ते पहिल्यांदा तिच्यासमोर पालथे झोपले तेव्हा ठकूबाईंनी विचारलं, "सायब, पडलात का काय?"

"नाही मावशी, हिचा डोळा बघतोय."

"तिचा डोळा बरा हाय की. तुमचाच दाखवा कुनाला तरी."

गेल्या दिवाळीनंतर माळाला कुंपण घातलं गेलं. तिथं इमारत होणार होती. चरायला जागा उरली नाही, तशा ठकूबाईंनी शेळ्या विकल्या आणि आमच्याच सोसायटीच्या बागेत गवत काढायचं काम धरलं. एके दुपारी मी साडूंकडे बसलो असताना त्या दारात आल्या. "सायब, त्या काळीचा येखादा फोटू हाय का? बाकीच्यांचं काय न्हाई, पर तिची लई आठवण येतीया."

साडूंकडे शेकड्यांनी होते. त्यांनी ठकूबाईंना कॉम्प्युटरसमोर खुर्ची दिली आणि सगळ्यांत जास्त गुण मिळवलेला फोटो उघडला. त्यात शेळीचा केस न केस मोजता येत होता. "डोळा बघा, किती स्वच्छ आलाय."

"ही न्हाई वो. ही नुसती हुबी हाय."

साडू एकेक फोटो पुढे सरकवत गेले. पुसून टाकायला म्हणून बाजूला काढलेल्या फोटोंपैकी एकावर ठकूबाईंनी बोट ठेवलं. "हीच. मी मागनं हाक मारली की अशी मान वळवायची."

"मावशी, ही हललीय. सगळा फोटो धूसर आलाय. कॅमेऱ्यानं शेळी सोडून गवत धरलंय."

"हलनारच की. माज्याकडं येत व्हती."

साडूंनी प्रिंटरमध्ये मोठा कागद घालून तो फोटो छापला. शाई वाळेपर्यंत ठकूबाई तो दोन्ही हातांत आडवा धरून बसून राहिल्या.

त्या गेल्यावर साडूंनी तोच फोटो पुन्हा उघडला. बराच वेळ पाहून म्हणाले, "इतकी वर्षं हिचे फोटो काढले, पण हिचं नाव काय ते कधी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बागेत जाऊन विचारून आले. मी कुतूहलानं म्हटलं, "काय म्हणाल्या?"

"नाव नव्हतंच," साडू म्हणाले. "म्हणाल्या, नाव कशाला लागतंय? मी नुसतं 'ये गं' म्हनायची."