लाटण्यानं पाऊस, झाऱ्यानं फोन

कुरडया घालताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असते. म्हणून आमच्या गल्लीत जेवढे किस्से साचतात तेवढ्या कुरडया बी साचत नाहीत. कुरडया तं निदान विकल्या जातात, किस्से घरातच पडून राह्यतात. या साली मात्र असं काही पाह्यलं, का सांगितल्याशिवाय मले चैन पडून नाही राह्यलं.

तं ऐका. आटपाट गाव होतं, त्याचं नाव फुलसावंगी. बाजाराच्या मागं एक गल्ली होती. गल्लीत माही सून होती संगीता, कुरडया-पापड करून फोनवर विकणारी. समोर होती शकीला भाभी, शेवयाच्या मशीनवाली. कोपऱ्यावर होता मंडपवाला देवराव, त्याच्याकडं ताडपत्र्यायचा ढीग. अन् आमच्या ओट्यावर खुंटीले टांगलेली एक पितळी परात होती, माह्या सासूच्या काळातली.

मागच्या साली गारपीट झाली अन् संगीताचं सारं वाळवण मातीत गेलं. आमच्या धंद्याचा मोसम होळीपासून मिरगापर्यंत. तेवढ्यात जे वाळलं, त्यावरच पुढं वर्षभर दुकान चालते. माहा पोरगा गजानन मालाचा ऑटो चालवते. तो म्हणे, "आई, आता हा एक मोसम. जमलं तं जमलं, नाही तं घराले कुलूप लावून पुण्याले जाऊ. दोस्तानं कंपनीत जागा पाहून ठेवली हाये."

मी म्हणलं, "अन् मी?"

"तू बी चाल."

"पुण्यात गच्चीवर वाळवण घालू देतात काय?"

संगीता उठली अन् गहू भिजू घातले.

*

आधी परातीचं सांगतो, नाही तं पुढचं काही समजायचं नाही.

आभाळ भरून आलं का ज्याले पहिले दिसलं त्यानं परात वाजवायची. अन् वाजली का धावायचं, पण आपल्या गच्चीवर नाही, शेजारच्याच्या. माह्या सासूनं घालून देलेला नियम. तिच्या काळात जो तो आपल्याच माळवदावर धावे, अन् जिचं घर बंद तिचं सारं भिजे. सासू म्हणे, "आपलं उचलाले आपले दोनच हात. दुसऱ्याचं उचललं तं साऱ्या गल्लीचे हात आपले."

संगीता नवी होती तवाची गोष्ट. परात वाजली तशी ती पदर खोचून आपल्याच गच्चीवर गेली. पाह्यते तं गच्ची साफ. शकीला भाभी तिच्या कुरडयायचं कापड डोक्यावर घेऊन जिना उतरून राह्यली होती. अन् शकीलाच्या गच्चीवर शेवया भिजत होत्या, तिथं जायाचं ते संगीतानं.

शकीला रागावली नाही. फक्त म्हणली, "दुल्हन, आज शेवयाची खीर खाऊन जाजो. भिजलेलीच हाये."

त्या दिवसापासून संगीता कधी चुकली नाही.

अन् पाऊस गेल्यावर सारा माल एकात एक मिसळला असते, तो निवडाचा कसा? मले अजून नवल वाटते. बाया नुसत्या पाहून सांगतात. ही घट्ट वेढ्याची कुरडई देवरावच्या बायकोची, ही सैल शेपटीची संगीताची. सोऱ्या सारखा, चीक सारखा, पण हात वेगळा. हात लपत नाही.

*

गजाननानं मले फोन घेऊन देला, त्यात आभाळ दिसते म्हणे. माह्यासारख्या अंगठेवाल्या बाईले त्यात नुसता सूर्याचा गोळा दिसला. सूर्य होता म्हणून शकीलानं शेवया घातल्या. दुपारी भदभदा पाणी आलं. शेवयायची लापशी झाली.

शकीला फोन उलटा-पालटा करून म्हणे, "याचा सूरज तो अब्बी बी चमक रा."

मी त्या दिवशी फोनले लय नावं ठेवली. मग एक दिवस असं झालं का बोलती बंद झाली माही.

आम्ही साऱ्याजणी गच्चीवर. ऊन पडलेलं, आभाळाच्या एका कोपऱ्यात जरासं काळं. संगीताचा फोन वाजला. तिनं वाचलं, म्हणे, "आई, खाली उतरा. वीज पडणार लिहिलंय." मी म्हणलं, एवढ्या उन्हात कुठली वीज. तिनं माहा दंड धरला अन् ओढतच आणलं खाली. परात वाजली, माल उचलला, आम्ही घरात. अन् मग जो कडाका झाला! शाळेजवळचं निंबाचं झाड उभं चिरलं, अंगावरची साल सोलल्यासारखी.

मी त्या झाडापाशी जाऊन आली. धूर निघून राह्यला होता. मनात आलं, कोण्या लांबच्या गावी, कोण्या खोलीत बसलेल्या माणसाले आमच्या डोक्यावरची वीज दिसली. आमचं नाव बी त्याले माहीत नाही. त्यानं आम्हाले खाली उतरवलं.

तवापासून मी त्या फोनले पाय लागू देत नाही.

*

पण ज्या फोनातून जीव वाचवणारा येते, त्याच फोनातून चोर बी येते. हे आम्हाले देवरावनं शिकवलं.

देवराव एकाएकी दिसेना. त्याची बायको म्हणे, ताप हाये. ताप उतरेना, डॉक्टर बी येईना. शेवटी शकीला पेज घेऊन गेली, तं देवराव ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसलेला, अंग थंडगार. मग बायकोच बोलली. कोणा पाटलाच्या लग्नाचा मंडप पाहिजे म्हणून फोन आला. ॲडव्हान्स पाठवतो म्हणला, एक काळा-पांढरा चौकोन पाठवला. देवरावनं तो स्कॅन केला, आपला पिन टाकला. पैसे यायचे ते गेले.

"घ्यायचे असले तं पिन कायले टाकावा लागते, हे मले टाकल्यावर सुचलं," देवराव म्हणे. मान वर करत नव्हता. सिझनच्या बांबूसाठी ठेवलेले पैसे होते ते.

शकीलानं पेज त्याच्यासमोर ठेवली अन् विचारलं, "भाऊ, परात काहून नाही वाजवली?"

"फोनसाठी परात?"

"पानी आया तो बजाते. ये बी तो पानीच हाये, घरात घुसलेलं."

तिचं म्हणणं मले पटलं. पावसात भिजलेला माणूस साऱ्यायले सांगत येते. फोनात भिजलेला लपून बसते, अन् तोच चोर दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी फोन लावते. मग ठरलं. फोनवरून कोणी काही दाबा म्हणलं, स्कॅन करा म्हणलं, पिन मागितला, तं हात जागीच थांबवाचा अन् परात वाजवाची. गल्ली पाह्यल, मग बोट हलन.

देवरावले घेऊन गजानन पोलिसात तक्रार करून आला. देवराव येताना म्हणे, "तिथं लाइन होती. मले वाटे मी एकटाच."

*

नियम झाला, पण पहिल्याच दिवशी घोळ झाला.

भर दुपारी परात वाजली. ऊन असं का गच्चीवर पाय ठेववत नव्हता. तरी आम्ही धावलो. नियम म्हणजे नियम. शेजारच्याचं उचललं, ओल्या कुरडया कापडासकट गुंडाळल्या, पापड एकावर एक पडले, शेवया चुरल्या. साऱ्या गल्लीचा माल घरात अन् आभाळात ढगाचा ठिपका नाही.

खाली देवराव उभा, एका हातात परात, एका हातात फोन. "लाइटवाल्याचा फोन हाये. म्हणते बिल नाही भरलं, आज वीज कापतो, ही लिंक दाबा. मी दाबलं नाही. वाजवलं."

त्याच्या बायकोच्याच कुरडयायचा गोळा झाला होता. ती म्हणे, "बरं केलं. चोरानं नाही नेलं, तुम्ही नेलं."

तवा मी तोड काढली. परातीशेजारी खुंटीले दोन वस्तू टांगल्या, एक लाटणं अन् एक लोखंडी झारा. लाटण्यानं वाजवलं का आवाज घुमते, तो पाऊस. झाऱ्यानं वाजवलं का खणखणते, तो फोन. लाटण्याले गच्चीवर धावाचं, झाऱ्याले ओट्यावर. लेकरंबाळं दोन दिवसात शिकले. देवरावच तेवढा जाता-येता वाजवून खात्री करे, मग साऱ्यायच्या शिव्या खाये.

*

अन् मग तो फोन आला, संगीताले.

मोसम अर्धा सरला होता. दोनदा अवकाळीनं झोडपलं, विक्री रखडली होती. गजानन रोज पुण्याच्या दोस्ताशी बोले, अन् मी रोज न ऐकल्यासारखं करो. त्यात हा फोन. फौजेतला साहेब. बोलणं कसं, साखरेच्या पाकातलं. वर्दीतला फोटो पाठवला. कँटीनसाठी कुरडया, पापड, मूगवड्या पाहिजेत, घरात असतील तेवढ्या साऱ्या. दर बी विचारला नाही.

संगीताचा चेहरा मी पाह्यला. लग्नात पाह्यला होता तसा झाला होता. एवढा माल गेला तं पुणं टळलं, हे तिलेबी समजत होतं अन् गजाननलेबी. तो जिन्यात उभा राहून हातानं खुणावत होता, हो म्हण, हो म्हण.

साहेब म्हणे, "बस मॅडम, एक लिंक भेजी है. दबाइये, रजिस्टर हो जाएगा."

संगीताचं बोट फोनवर होतं. ते तिनं उचललं. फोन ओट्यावर ठेवला, खुंटीचा झारा काढला अन् परात वाजवली. वाजवताना तिच्या डोळ्याले पाणी होतं. आपल्या हातानं आपलं ताट सरकवावं, तसं ते वाजवणं होतं.

सारी गल्ली ओट्यावर. फोनातून आवाज, "ये शोर कैसा है?"

"काही नाही साहेब," संगीता म्हणे, "आमच्यात मोठी ऑर्डर आली का सारे येतात. लिंक राहू द्या. तुमचा माणूस पाठवा, चव पाहा, माल मोजून घ्या, रोख द्या."

"मॅडम, पहले लिंक दबाइये."

"आधी चव."

"अरे दबाइये ना, टाइम नहीं है."

तेवढ्यात देवराव फोनपाशी वाकला. कानात सांगावं तसं हळूच म्हणे, "साहेब, मी बी असंच दाबलतं."

फोन कटला.

कोणी हासलं, कोणी देवरावच्या पाठीवर थाप मारली. गजानन मात्र जिन्यातच. म्हणे, "अन् खरा असता तं?"

संगीतानं झारा खुंटीले लावला. "खरा असता तं परातीले भ्याला नसता."

मी चाळीस घरच्या सुना पाह्यल्या असतील. एवढी उपाशी असून ताट सरकवणारी नाही पाह्यली.

*

आता शेवटचं. हे मी जसं झालं तसं सांगतो.

शकीलाच्या पोरीचं लग्न उमरखेडले होतं. आमच्या गल्लीत लग्न म्हणजे घराले कुलूप लावून जायाचं, गच्चीचे जिने तेवढे बाहेरून, उघडेच. सारे गेले, देवराव दुकान बंद करून गेला, मले गजाननच्या ऑटोत खुर्ची टाकून नेलं. त्या दिवशी गच्च्या भरलेल्या होत्या. संगीतानं मोसमाचा सारा उरलेला गहू एकदाच काढला होता. हा माल निघाला तं दुकान, नाही तं पुणं. फोनात सूर्य होता, आभाळ निव्वळ निळं होतं.

पंगत बसली अन् हॉलभर फोन वाजले. गारपीट येणार. संगीता पत्रावळीवरून उठली. गावात फोन कोणाले लावाचा? ज्यायले लावाचा ते सारे इथंच जेवत होते. गल्लीत परात होती, वाजवणारं कोणी नव्हतं.

गजाननानं ऑटो काढला. बाया मागं उभ्या राहूनच निघाल्या. वाटेत गारा लागल्या, बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. एका पुलाखाली थांबावं लागलं. संगीता पुलावर पडणाऱ्या गारायचा आवाज ऐकत होती. गजानन एकदाच म्हणला, "जाऊ दे आता," अन् ते तो वाळवणाले म्हणला का गावाले, मले समजलं नाही.

गावात शिरलो तं गल्ली पांढरी. गारायचे ढीग. गच्च्यायवर कापूस पसरल्यावाणी गारा, अन् बाकी काही नाही. कुरडई नाही, कापड नाही, चुरा बी नाही.

माल देवरावच्या पडवीत होता. साऱ्या गल्लीचा. वरून तिथंच पडलेल्या त्याच्या ताडपत्र्या झाकलेल्या, कडेले विटा ठेवलेल्या. एक कापड ओलं नव्हतं.

त्या दिवशी बाजार होता. आमच्या ओट्यावर तांड्यावरची वांगेवाली बाई ओल्या लुगड्यानं बसलेली, बाजूले चप्पल शिवणारा, बाजूले भांडेवाला. कपाळाले गार लागून टेंगूळ आलेलं एकाच्या. त्यायची दुकानं तिकडं बाजारात उघडीच पडली होती.

"परात वाजली," वांगेवाली म्हणे. "तुमची परात वाजली का शेजारच्याचं उचलाचं असते ना? सारा बाजार जाणते. धावलो."

"वाजवली कोणं?" संगीतानं विचारलं.

"मी आली तं वाजतच होती."

चप्पलवाल्याले विचारलं, त्यानं भांडेवाल्याकडं बोट दाखवलं. भांडेवाला म्हणे, मी बी आवाजावरच आलो. साऱ्या बाजाराले विचारलं. आवाज साऱ्यायनं ऐकला, हात कोणं पाह्यला नाही. माना आभाळाकडं होत्या.

परात ओट्यावर पालथी पडली होती, गारायनं भरलेल्या नालीच्या काठाले. मी खुंटीकडं पाह्यलं. बाजाराले परात माहीत, पण लाटण्या-झाऱ्याचा भेद या मोसमातला, आमच्या गल्लीबाहेर कोणाले माहीत नाही. अन् ज्यायले माहीत ते सारे उमरखेडले पंगतीत होते.

झारा खुंटीले होता, सुका. लाटणं परातीपाशी पडलं होतं.

बाया पडवीत बसल्या, मिसळलेल्या कुरडया निवडू लागल्या. ही घट्ट वेढ्याची, ही सैल शेपटीची. वांगेवालीले ताटभर नेऊन देल्या तं ती म्हणे, वाळल्यावर नेतो. गजाननानं परात उचलली, शर्टाच्या बाहीनं पुसली, खुंटीले टांगली, शेजारी लाटणं लावलं. खिशात फोन वाजत होता, पुण्याचा. त्यानं तो वाजू देला.

मग पडवीत आला, संगीतापाशी उकिडवा बसला अन् म्हणे, "उद्या गहू किती भिजू घालाचे?"