ओळंबा आणि रांगोळी

जगात संपूर्ण सरळ अशी एकच वस्तू उरली आहे आणि ती म्हणजे आपण स्वतः, अशी माझ्या मामेसासऱ्यांची पक्की समजूत आहे. त्यांचं उभं आयुष्य अमेरिकेतल्या शुगर लँड गावी तेलकंपनीचे पाइप सरळ टाकण्यात गेलं. निवृत्तीनंतर पाइप मिळेनात, तेव्हा ते माणसांकडे वळले. खिशात किल्ल्यांबरोबर गवंडी वापरतात तसला पितळी ओळंबा कायम. एकदा कुणाकडे तरी सत्यनारायणाला भर पूजेत त्यांनी तो चौरंगापाशी सोडला आणि गुरुजींना सांगितलं, "देव डावीकडे कललाय, सरकवा." गुरुजींनी मुकाट्याने सरकवला. माझ्या लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर पहिलं वाक्य माझ्या कानावर पडलं ते त्यांचं: "जावईबापू, पोक काढू नका!" बोलणंही असं सरळसोट. एकुलत्या एक मुलीनं, मीरानं, मेडिकल अर्धवट सोडून घोड्यांना नाल ठोकायचं काम धरलं, तेव्हा ते तिला तोंडावर म्हणाले, "वाकड्या वाटेला लागलीस." ती त्यांचाच जुना ट्रक घेऊन निघून गेली. त्यानंतर दोन वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात ट्रक तेवढा परत आला, तोही टो होऊन. मीरा धडधाकट होती, पण ट्रक नाल्यात जाऊन त्याची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वाकली होती. इन्शुरन्सवाल्यानं फोनवर 'टोटल', म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेलेला, असा निकाल दिला.

"टोटल म्हणजे बेरीज," मामा मला म्हणाले. "संपलं असं कुठे म्हणाला तो?"

रविवारी मीरा त्यातलं सामान न्यायला येणार आणि मग ट्रक भंगारात जाणार, असं मामींनी सांगितलं. त्यावर मामा एवढंच बोलले, "त्याच्या आत सरळ करतो. वाकडी वस्तू माझ्या दारात राहणार नाही."

रविवारी सकाळी मी घाईघाईनं पोचलो आणि पाहतो तर काय! ट्रकचा मागचा भाग अंगणातल्या ओकच्या झाडाला साखळदंडानं जखडलेला आणि पुढचा चक्क मामींच्या गाडीला! मामी स्टिअरिंग धरून, डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. ट्रकखालून ड्राइव्हवेभर लाल-पांढरे ठिपके आणि रेघा. चासीच्या कोपऱ्यांवरून ओळंबा सोडायचा, टोक टेकेल तिथे ठिपका द्यायचा. समोरासमोरच्या ठिपक्यांमधल्या तिरक्या रेघा लांबीला सारख्या भरल्या की चासी सरळ. खडू सापडला नाही म्हणून मामांनी मामींच्या रांगोळीचा डबा आणला होता.

"मामा, हे दुरुस्तीच्या शॉपमध्ये मशीनवर करतात! माणसं मरतात यात!" मी ओरडलो.

"शॉपवाला केसभर तिरकं ठेवेल. अगं, घे पुढे हळूच!"

साखळी ताणली गेली, कण्हली, आणि फाडकन तुटली. तिचा आकडा आम्हा दोघांच्या डोक्यांमधून जाऊन गॅरेजच्या दारात आरपार घुसला. मी आपलं डोकं चाचपलं. मामांनी मात्र आधी ओळंबा सोडला, माप घेतलं आणि मग पायरीवर बसले. खांदे खाली, पाठ वाकलेली. त्यांना पोक काढून बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. मला त्यांची फार दया आली.

"नाही होणार तिच्या येण्याआधी," ते पुटपुटले.

तेवढ्यात मैत्रिणीच्या गाडीतून मीरा उतरली. तिचं ट्रककडे लक्षच गेलं नाही. ती ड्राइव्हवेच्या टोकाशी थबकली.

"बाबा... रांगोळी? Is this for me?"

मला वाटलं, आता मामा सरळ सांगणार, ही चासीची मापं आहेत. मामांनी माझ्याकडे पाहिलं, ओळंबा खिशात टाकला आणि घसा खाकरला.

"हो," ते म्हणाले. "जरा वाकडी आलीये."

मीरा एकही ठिपका न मोडता, मोठा वळसा घालून त्यांच्याजवळ आली. मामी गाडीतच रडत होत्या. ट्रक पुढच्या आठवड्यात भंगारात गेला. पण पावसानं ती रांगोळी धुऊन जाईपर्यंत मामा आपली गाडी रस्त्यावर लावत होते.