काकूंच्या पर्समधला माझा पासपोर्ट

काल रविवारी चर्चच्या दारात मी बूट काढले. पायरीच्या कडेला जोडीनं ठेवले, डोक्यावर पदर घेतला. देवाचं घर म्हटल्यावर दुसरं काही सुचलंच नाही.

मागून हसण्याचा आवाज आला. वळले, तर काकूंचा फोन माझ्यावरच धरलेला.

"बघा, आमच्या बाईनं बूट काढले! हिला वाटलं, अंबादेवीलाच आलोय."

व्हिडिओ लगेच अमरावतीला, राजापेठेतल्या घरच्या ग्रुपवर गेला. उत्तरं आली, तीही त्यांनी मला वाचून दाखवली. "जाऊबाई विचारतात, नारळ आणला का?" लोक बाजूनं आत जात होते. मी थंड फरशीवर, नुसत्या मोज्यांवर.

"तू बाहेरच थांब आता. बाळाची गाडी धर."

अमरावतीला काकूंकडे मी नऊ वर्षं काम करते. त्यांच्या मुलीचं, ताईंचं, पहिलं बाळंतपण या परदेशी शहरात झालं. बाळाची मालीश, बाळंतिणीचा शेक माझ्याच हातचा पाहिजे, म्हणून मला आणलं. विमानतळावर काकूंनी माझा पासपोर्ट मागून घेतला. "तुझ्याकडून हरवेल." तो त्यांच्याच पर्समध्ये राहिला. दोन महिने मागते आहे. मिळत नाही.

माझीही मुलगी आहे. अकोटला दिली. तिला आठवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काकू जाणतात. ताईंना माहेरी यायला जमेना, म्हणून स्वतः समुद्र ओलांडून आल्या. येत्या शनिवारी मला परत पाठवायचं ठरलं होतं. पण आज सकाळी चहा पिता पिता म्हणाल्या, "तिकीट पुढं ढकललंय. अजून दोन महिने. तुझ्या मुलीचं तिची सासू करेल की."

दोन महिन्यांत तिची सुटका झालेली असेल. मी कप विसळत राहिले. इथली भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. जाऊ कुठं?

दुपारी म्युझियमला गेलो. दारावर शिपायानं काकूंची पर्स उघडायला लावली. त्यांनी सगळं टेबलावर काढलं. चष्मा, गोळ्या, सुपारीची डबी, दोन पासपोर्ट. एक उघडा पडला. फोटो माझा. खाली माझी सही, मराठीत.

मी उचलला.

"ए, ठेव तो."

"नाही ठेवत."

"दे इकडं म्हणते ना!"

"काकू, माह्या पोरीची वेळ जवळ आली. मले शनिवारी घरी जाच हाय."

"नऊ वर्षं घरच्यासारखं वागवलं तुला!"

"घरच्या माणसाचा व्हिडिओ काढून हासते काय कोणी?"

पासपोर्ट मी पदराखाली घट्ट धरला. ताई हळूच म्हणाल्या, "आई, लोक बघताहेत." मग आत कुणीच गेलं नाही. सगळे घरी आलो.

आल्यापासून दोघींनी तीनदा मागितला. दिला नाही. ब्लाउजच्या आत आहे. उद्या बाळाला मालीश करीन, त्या लेकराचा काय दोष? पण तिकीट काकूंनी बदललं, तर काकूंनीच परत बदलावं. नाही बदललं, तर शनिवारी सकाळी मी रस्त्यावर जाईन आणि पहिला पोलीस दिसेल त्याच्या हातात हा पासपोर्ट देईन. शब्द नसले तरी उभी राहीन. तो हाकलेल, तर दुसऱ्यापुढे.

या घरात पुढचा रविवार मी काढणार नाही.