पाचगणीचं आमचं घर

आता कुठल्या तोंडानं सांगू? पण मी नाही सांगितलं तर बायको सांगेल, आणि ती तपशील गाळत नाही. तेव्हा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका.

आमच्या ईशानं लग्न ठरवलं हडपसरच्या मुलाशी. मुलगा चांगला, तिच्याच कंपनीतला. त्याचे वडील दत्तूआबा. माणूस साधा, पण ‘आमचं वावर’ म्हणून ज्या दिशेला हात करतील तिकडे आता आयटी पार्क उभा. आणि आमच्याकडे काय, तर सिंहगड रोडला टू बीएचके, तोही पार्किंगच्या वरचा.

अशा वेळी मुलीच्या बापानं गप्प बसावं की नाही? पण मी पडलो पुणेकर. म्हणालो, "आमचं मूळ पाचगणीचं. घर आहे तिथे आमचं."

"आसं? मग बघू की एकदा," आबा म्हणाले.

झालं. पुढच्याच रविवारी त्यांच्या गाडीतून निघालो. आबा चालवायला, मी शेजारी आणि मागे आमची वसुधा. ती दोनदा म्हणाली, "अहो, वीस वर्षं आपण तिकडे फिरकलो नाही. शरदभाऊजींना निदान फोन तरी करा."

स्वतःच्या घरी जायला कोणी फोन करतं का? शरद माझा चुलतभाऊ. माझ्या मते तो आमचं घर सांभाळत होता. आम्ही पुण्याची माणसं याबाबतीत मोठ्या मनाची. सांभाळणाऱ्याला आम्ही राहूही देतो.

खंबाटकीचा घाट संपेपर्यंत मी सांगत होतो ते घर आठ खोल्यांचं झालं. वाईला चहा घेतला तेव्हा मागे बाग आली. पसरणीच्या घाटात तर वळणावळणाला काहीतरी वाढतच गेलं. आबा नुसतं "हं" म्हणत होते.

शरदनं हसून स्वागत केलं, स्ट्रॉबेरीची बशी पुढे ठेवली. मी बसायच्या आधी भिंतींकडे बघितलं. "कौलं काढून पत्रे घातलेस? आणि हा निळा रंग कुणाला विचारून दिलास?"

"कुणाला विचारायचं, दादा?" शरद म्हणाला.

हे मी त्याच्या भोळेपणावर घातलं.

आबा अंगणात फिरून आले. "जागा झकास हाय. साखरपुडा हितंच करू की."

"करू की," मी म्हणालो. "मागचं कुंपण काढून मांडव घालू. शरद, ती गाय तेवढी दोन दिवस कुठेतरी बांध." वसुधा खोकली. मी तिला पाणी द्यायला सांगितलं आणि पुढे म्हणालो, "आणि आबा, यातला माझा अर्धा हिस्सा मी ईशाच्या नावावर करणार आहे."

शरद उठला, आत गेला आणि एक प्लास्टिकची फाइल घेऊन आला. "दादा, कसला हिस्सा? तुम्ही हक्कसोडपत्र करून दिलंय ना."

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी मात्र त्याच्याच घरात, त्याचीच स्ट्रॉबेरी तोंडात असताना म्हणालो, "सही माझी नाही. हे बनावट आहे."

आबांनी चष्मा लावला. मला वाटलं, शेतकरी माणूस, त्यांना हे काय कळणार. त्यांनी पहिल्या पानापासून प्रत्येक ओळीवर बोट फिरवत सगळा दस्त वाचला. मग म्हणाले, "सही ऱ्हाऊ द्या. हितं फोटू हाय."

फोटोत मी होतो. मिशीसकट, हसरा. वसुधानं वाकून बघितलं. "हा चौकड्यांचा शर्ट मीच घेतला होता, लक्ष्मी रोडवरून."

तेव्हा मला आठवलं. आजी-आजोबांचं सगळं काकांनी केलं, म्हणून घर त्यांना द्यायचा शब्द माझ्या वडिलांनी दिला होता. वडील गेल्यावर सही करायची माझ्यावर आली, तेव्हा काका म्हणालेही होते, "बाळ, नीट वाचून घे." मी म्हणालो, "काका, आपल्यात वाचायचं काय?" खरं कारण, त्या दिवशी टीव्हीवर मॅच होती. मला वाटलं, लाइटच्या मीटरचं काहीतरी असेल.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्या बापानं माझ्या आजी-आजोबांना शेवटपर्यंत सांभाळलं, त्याला मी व्याह्यांसमोर लबाड ठरवत होतो. मी शरदची माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे, दादा. साखरपुडा इथेच करा. घर तुमचंच आहे." ते जास्त लागलं.

परतताना आबांनी वाईला चहालाही गाडी थांबवली नाही. पोरीचं लग्न मी मोडलं, याची माझी खात्री झाली. शेवटी धीर करून विचारलं, "आबा, मग लग्नाचं...?"

"लगीन पोरांचं हाय," आबा म्हणाले. "तुमच्या घराचं थोडंच हाय?"

पंधरा दिवसांनी आमच्याकडे लग्नाची यादी करायला माणसं जमली. कोणी काय करायचं, कोणी काय आणायचं, सगळं कागदावर उतरलं. आबांनी सही केली. मी खिशातून पेन काढलं. आबांनी कागद माझ्यासमोरून उचलला आणि वसुधापुढे ठेवला.

"वैनी, तुम्ही वाचा आन् तुम्हीच सही करा."

"आणि मी?"

आबांनी अडकित्ता माझ्या हातात दिला. "तुम्ही सुपारी फोडा. ती वाचावी लागत नाय."